चोरपावलांचा बेत दर वेळी फसतो तेव्हा: स्टेल्थचे नियम सोपे कसे करावेत

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्रं वठवत फाशांवर खेळायच्या खेळांत तक्रार बहुतेक टेबलांवर एकच असते. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, ठरवते की या वेळी लढायचं नाही, गुपचूप आत शिरायचं. बेत आखण्यात अर्धा तास जातो. नकाशावर बोटं फिरतात, पुढे कोण आणि मागे कोण हे ठरतं. मग डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, "सगळ्यांनी स्टेल्थ रोल करा," आणि लपतछपत जाण्याच्या या रोलमध्ये जाड चिलखतातल्या फायटरला (लढवय्याला) वीस बाजूंच्या फाशावर चार पडतात. घंटा वाजते, इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्यांचा क्रम) सुरू होतं आणि अर्ध्या तासाचा बेत पाण्यात जातो. असं दोन-तीनदा झालं की खेळाडू गुपचूप जायचं नावच काढत नाहीत. मग एक तर दार फोडून आत घुसायचं, नाही तर रोगला (चोरट्या पात्राला) एकट्याला पुढे पाठवायचं आणि बाकीच्यांनी फोन बघत बसायचं.

खेळाडूंचा बेत वाईट असतो म्हणून हे होत नाही, फासेही वैरी नसतात. ज्या पद्धतीने आपण रोल मागतो त्या पद्धतीत यश जवळपास अशक्य असतं. आकडे मांडले की हे लगेच दिसतं.

उदाहरणासाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती घेऊ, कारण ती सगळ्यांच्या हाताशी असते. नियमपुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे फासा न टाकता धरलेला सावधपणाचा आकडा, १२ असतं. लपणाऱ्याने फाशात आपला स्टेल्थ मिळवून तेवढा आकडा गाठायचा. समोर चौघांची पार्टी: स्टेल्थ +७ असलेली रोग, +२ वाला विझार्ड (जादूगार), आणि +० वाले फायटर आणि क्लेरिक (पुजारी). या दोघांच्या अंगावर आवाज करणारं चिलखत असल्यामुळे त्यांना डिसॲडव्हान्टेज आहे, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. रोगला यशाची शक्यता ८० टक्के. विझार्डला ५५. फायटर आणि क्लेरिकला प्रत्येकी सुमारे २०, कारण त्यांना दोन्ही फाशांवर १२ किंवा जास्त हवेत. आता चौघंही यशस्वी झाले तरच पार्टी सुटते असं धरलं, तर हे आकडे एकमेकांना गुणायचे. उत्तर येतं १.८ टक्के. पन्नास वेळा प्रयत्न केला तर एखाद्या वेळी जमेल.

आणि हा झाला एका पहाऱ्याचा, एका रोलचा हिशेब. पुष्कळ डीएम अंगणात एक रोल मागतात, जिन्यावर दुसरा, दाराशी तिसरा. एकटी रोग गेली तरी ८० टक्क्यांचे पाच रोल सलग यशस्वी होण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्याच आसपास राहते. म्हणजे गटात जी सगळ्यात पटाईत आहे तीसुद्धा तीनातल्या दोन वेळा पकडली जाणार. रोल वाढवून उत्कंठा वाढते असं वाटतं, प्रत्यक्षात अपयश पुढे ढकललं जातं एवढंच.

तिसरी गोची डीएमच्या बाजूला असते. सहा पहारेकरी आहेत म्हणून सहा जणांचे पर्सेप्शन रोल वेगवेगळे केले, तर त्यातला सगळ्यात मोठा आकडाच कामाचा ठरतो. एका डी२० ची (वीस बाजूंच्या फाशाची) सरासरी १०.५ असते. सहा फाशांतल्या सर्वांत मोठ्या फाशाची सरासरी १७.६ च्या जवळपास जाते. पहारेकऱ्यांचा +२ त्यात मिळवा, मग रोगचा +७ सुद्धा अपुरा पडतो. पडद्याआड फासे खुळखुळवायला डीएमला मजा येते हे खरं, पण इथे ते फासे खेळाडूंच्या विरुद्ध सहापट काम करत असतात.

हा आजार जुना आहे. १९८१ च्या बेसिक नियमपुस्तकात पहिल्या लेव्हलच्या चोराला आवाज न करता चालायला २० टक्के आणि सावलीत लपायला १० टक्के मिळत. दोन्ही लागोपाठ जमायला हवेत असं एखाद्या डीएमने धरलं की हातात उरत २ टक्के. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतही लपणं आणि आवाज न करणं ही दोन कौशल्यं वेगळी होती, आणि समोरच्याकडेही बघणं आणि ऐकणं असे दोन भाग होते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत या चारांचे दोन झाले, स्टेल्थ आणि पर्सेप्शन. नियम बनवणारेच सोपेपणाकडे सरकत आले आहेत, तेव्हा टेबलावर आणखी एक पाऊल टाकायला कचरू नये.

आधी रोलची संख्या कमी करा

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात एक ओळ आहे जी सहज नजरेतून सुटते. लपताना केलेला रोल तुम्ही सापडेपर्यंत किंवा स्वतःहून लपणं सोडेपर्यंत कायम राहतो. म्हणजे दर वळणावर नवा रोल मागण्याची प्रथा छापील नियमांतून आलेली नाही, सवयीतून आलेली आहे. २०२४ च्या पुस्तकातही तेच: लपण्यासाठी एकदा १५ गाठायचे, आणि जो आकडा पडला तोच तुम्हाला शोधणाऱ्यासाठीचा डीसी, म्हणजे गाठायचा आकडा.

मी हे असं वापरतो: जागेचे टप्पे पाडायचे आणि एका टप्प्याला एकच रोल. टप्पा म्हणजे एकाच प्रकारच्या पहाऱ्याखालची जागा. अंगणात कितीही खांब असोत आणि कितीही वेळा आडोसा बदलावा लागो, अंगण एकच टप्पा. नवा रोल तेव्हाच, जेव्हा धोक्याचं स्वरूप खरोखर बदलतं: कुत्री आली, अंधारातून उजेडात जायचं आहे, बेशुद्ध सोबत्याला खांद्यावर घेतलं आहे. कुणाची नजर किंवा कान पोचतच नसेल अशा जागी रोल मागायचाच नाही. रिकाम्या बोळातून कुणी आवाज न करता चाललं का, हे कळून कुणाला काय करायचं आहे?

मोठ्या किल्ल्यालाही तीन टप्पे पुष्कळ होतात. चार झाले तर त्यातले दोन एक करता येतात का ते आधी बघावं.

डीएमने फासा टाकायचा नाही

टप्प्यातल्या पहाऱ्यात ज्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन सगळ्यात जास्त, तो आकडा घ्यायचा. बस. दहा पहारेकरी असले तरी आकडा एकच. त्यात फरक पडला तर सरळ पाचाचा. अंधुक उजेड, जोराचा पाऊस किंवा मेजवानीचा गोंगाट असेल तर उणे ५. आधीच इशारा मिळालेला असेल किंवा तीक्ष्ण नाकाची कुत्री असतील तर अधिक ५. दोन आणि तीनच्या बारीक सवलती मोजत बसू नका. पाच हा आकडा मनाने काढलेला नाही; पॅसिव्ह आकड्यावर ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा धरणं) आणि डिसॲडव्हान्टेज छापील नियमांतही पाचानेच लागतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांकडून विसरली जाते. डार्कव्हिजन (अंधारात बघण्याची शक्ती) असलेल्याला मिट्ट अंधार हा अंधुक उजेडासारखा दिसतो, स्वच्छ दिसत नाही. त्यामुळे मशाल न लावता बसलेल्या गॉब्लिनला नजरेने टेहळणी करताना डिसॲडव्हान्टेज असतो. त्याचं पॅसिव्ह ९ असेल तर अंधारात ते ४ होतं. "त्यांना अंधारात दिसतं, तुमचं काही खरं नाही" असं म्हणणाऱ्या डीएमने हे एकदा तपासून बघावं. उलट पहारेकऱ्यांनी मशाली पेटवल्या की ही सवलत जाते, म्हणून मशाल विझवणं हा खेळाडूंसाठी खरा, उपयोगी डाव ठरतो.

गटाचा रोल: अर्धे पार पडले तर सगळे पार

सगळ्यांनी एकेक रोल करायचा. निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले तर पूर्ण गट सुटला. हा ग्रुप चेकचा नियम पुस्तकात आहेच. गोंधळ होतो तो सरप्राइजच्या (गाफील शत्रूवरच्या हल्ल्याच्या) परिच्छेदामुळे. तिथे २०१४ च्या पुस्तकात प्रत्येक लपणाऱ्याचा आकडा प्रत्येक शत्रूच्या पॅसिव्हशी ताडून पाहायला सांगितलंय, आणि शत्रूला कुणा एकाचा जरी सुगावा लागला तरी तो गाफील धरला जात नाही. एक फायटर चुकला की सगळ्यांचं मुसळ केरात. मी तो परिच्छेद बाजूला ठेवून गटाचा नियमच सगळीकडे लावतो.

वरच्याच चौघांचा हिशेब पुन्हा करा. तेच मॉडिफायर (फाशात मिळवायचे +७, +२, +०), तेच चिलखत, तोच १२ चा आकडा. चौघांपैकी किमान दोघं यशस्वी होण्याची शक्यता ६१ टक्के येते. १.८ वरून ६१! चिलखताचा तोटा तरीही जाणवतोच, कारण फायटर आणि क्लेरिक गटाला खाली ओढत असतातच, फक्त एकट्याच्या बळावर सगळ्यांना बुडवत नाहीत.

दुसरे दोन पर्याय काही टेबलांवर चालतात. एक म्हणजे फक्त सगळ्यात कच्च्याने रोल करायचा. तसं केलं तर आपल्या पार्टीला २० टक्के मिळतात, आणि प्रत्येक वेळी त्याच एका खेळाडूकडे सगळे रागाने बघतात. दुसरा म्हणजे फक्त सगळ्यात पटाईताने करायचा. मग ८० टक्के, पण चिलखताला काही अर्थच उरत नाही आणि तिघांना हात लावायला काही नसतं. ६१ वाला मार्ग मला यासाठी पटतो की त्यात चौघांचेही फासे मोजले जातात. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत पटाईताच्या मागोमाग चालणाऱ्याला त्याच्या कौशल्यानुसार बोनस मिळतो, तीही चांगली कल्पना आहे. पण त्यासाठी आकड्यांची पूर्ण चौकट त्या खेळाची लागते, तुकडा उचलून इकडे लावला तर बेरजा वाढतात.

फाशावर एक पडला म्हणजे आपोआप बोभाटा, असा घरगुती नियम असेल तर तो आजच काढून टाका. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत स्किल चेकला असा नियम नाहीच. आणि चौघांनी साधा एकेक फासा टाकला तरी कुणाला तरी एक पडण्याची शक्यता साधारण साडेअठरा टक्के असते. दर पाच-सहा प्रयत्नांत एकदा, कितीही कौशल्य असलं तरी, भांडं खणकन पडणार. पटाईत माणसाची कथा अशी नसते.

मुख्य दुरुस्ती: गाफील, संशय, बोंब

एवढं करूनही एक अडचण राहते, आणि खरी मेख तिथेच आहे. रोल फसला की लगेच पूर्ण अपयश. "दिसत नाही" आणि "सगळा किल्ला जागा झाला" यांच्यामध्ये काहीच नाही. पण चोरून आत शिरण्यातली सगळी गंमत त्या मधल्या जागेत असते: पहारेकरी थांबतो, मान वळवतो, आणि सगळ्यांचे श्वास अडकतात. ती जागा नियमांतच नसेल तर टेबलावर येणार कुठून?

म्हणून पहाऱ्याला तीन पायऱ्या द्यायच्या. सुरुवात गाफील पायरीवर. पहिला गटरोल फसला की संशय. संशय असताना आणखी एक फसला की बोंब. कागदाच्या कोपऱ्यात तीन चौकोन काढा आणि त्यावर एक सोंगटी सरकवा. ते खेळाडूंना दिसू द्या. लपवण्यात काही फायदा नाही, उलट सोंगटी मधल्या चौकोनात सरकली की टेबल आपोआप चिडीचूप होतं.

संशय म्हणजे नेमकं काय, हे डीएमने ठोस सांगायला हवं. "त्याला काहीतरी वाटतं" एवढ्यावर भागवू नका. समजा पार्टी शस्त्रागाराच्या अंगणात आहे आणि रोल फसला. मी असं सांगेन: "विहिरीपाशी बसलेला पहारेकरी उठतो. कंदील वर धरतो. साथीदाराला काही बोलत नाही, एकटाच तुमच्या बाजूच्या गाडीकडे चालत येतोय. गाडीपाशी पोचायला त्याला दहा-बारा पावलं आहेत. प्रत्येकाला एक चाल आहे. काय करता?" यात तीन गोष्टी आल्या: तो काय करतोय, कुठे येतोय, आणि तुमच्या हातात किती वेळ आहे. आता विझार्ड भिंतीपलीकडे मेज हँडने (जादूच्या हाताने) बादली पाडू शकतो. रोग गाडीखाली सरकू शकते. क्लेरिक म्हणू शकतो की मी फायटरच्या चिलखतावर घोंगडी टाकतो आणि दोघं गवताच्या गंजीआड बसतो. जे सांगितलं ते पटण्यासारखं असेल तर त्यासाठी पुन्हा रोल मागू नका, जमलं म्हणा. पहारेकरी पुटपुटत परत जातो. सोंगटी मात्र संशयावरच राहते, कारण रात्रभर त्याचे कान टवकारलेले असणार. खेळातली दहा मिनिटं पूर्ण शांततेत गेली तर ती परत गाफीलवर येते. पार्टीकडे तेवढा वेळ आहे का, हा मग त्यांचाच प्रश्न.

संशय आला म्हणून डीसी वाढवू नका. पायरी हीच शिक्षा आहे, दोनदा शिक्षा नको.

आकड्यांत याचा परिणाम पाहा. तीन टप्पे, प्रत्येकी ६१ टक्के. पहिल्याच चुकीला बोंब होणार असेल तर तिन्ही टप्पे पार पडण्याची शक्यता २३ टक्के. मधली पायरी दिली की एक चूक पोटात घालता येते आणि तीच शक्यता ६७ टक्क्यांवर जाते. तरीही तीनातल्या एका वेळी बोंब होतेच. पार्टीला भीती राहते, पण प्रयत्न करावासा वाटतो, आणि मला नेमकं तेवढंच हवं असतं.

काही गोष्टी रोलशिवायही पायरी चढवतात. मेलेला किंवा बांधून ठेवलेला पहारेकरी कुणाला सापडला, की सरळ संशय. कुणी दार फोडलं किंवा थंडरवेव्ह टाकला, की थेट बोंब. त्या मंत्राचा आवाज ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो असं मंत्राच्या वर्णनातच लिहिलंय, तिथे दयामाया नाही.

लढाई सुरू झाली तर सरप्राइजही याच सोंगटीवरून ठरवा, वेगळी तपासणी नको. गाफील असताना हल्ला केला तर समोरची पूर्ण बाजू सरप्राइज्ड. संशय असेल तर सरप्राइज नाही, पण पार्टीने आपापल्या जागा निवडून सुरुवात करावी. बोंब झाली असेल तर काहीच सवलत नाही. एक इशारा: २०१४ च्या नियमांत सरप्राइज्ड शत्रूची पहिली पाळी पूर्ण वाया जाते, २०२४ मध्ये त्याला फक्त इनिशिएटिव्हला डिसॲडव्हान्टेज मिळतो. पूर्ण बाजू गाफील धरण्याचा हा नियम २०१४ च्या सरप्राइजबरोबर फार जड पडतो, एका फेरीत लढाई संपते. मी जुनं पुस्तक वापरत असलो तरी सरप्राइज नव्याचंच घेतो.

तरीही अडतं अशा काही जागा

पास विदाउट ट्रेस हा मंत्र सगळं सोपं करून टाकतो अशी तक्रार हमखास येते. गटातल्या प्रत्येकाला स्टेल्थवर +१० मिळाल्यावर आपल्या पार्टीतली रोग आणि विझार्ड १२ च्या डीसीला चुकूच शकत नाहीत, म्हणजे गटाचं यश शंभर टक्के. मग रोल मागूच नका. त्यांनी दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) खर्चला आहे, कुणीतरी कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवणारं लक्ष) धरून आहे, त्याचं फळ त्यांना मिळू द्या. धोका दुसरीकडे ठेवा. मंत्र तीस फुटांच्या आतच चालतो, म्हणजे गट विभागला की संपलं. तासाभराने तो उतरतो. आणि कॉन्सन्ट्रेशन धरणाऱ्याला पहिली जखम झाली की मंत्र तुटू शकतो.

अदृश्य होण्याबद्दलही वाद होतात. अदृश्य माणूस दिसत नाही, पण त्याची चाहूल लागू शकते, म्हणून नुसत्या अदृश्य होण्याने सगळं माफ नाही. मी त्याला आडोशाशिवाय लपण्याची मुभा देतो आणि डीसी उणे ५ करतो.

रोग एकटीच पुढे जाते आणि बाकीचे ताटकळतात, ही तक्रार गटाचा नियम आल्यावर बरीचशी आपोआप मिटते, कारण सगळ्यांनी मिळून जाणं आता परवडतं. तरी टेहळणीला एकटं जायचंच असेल, तर ती पूर्ण फेरी एका रोलमध्ये उरका. यश आलं तर रोगच्या खेळाडूला नकाशाचा तो भाग उघडून द्या आणि तीन प्रश्न विचारू द्या. अपयश आलं तर सोंगटी संशयावर, ती परत आलेली, आणि खेळ पुन्हा सगळ्यांसमोर. पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

उलटी बाजूही सांगायला हवी, कारण ती बरेचदा राहून जाते. राक्षस पार्टीवर दबा धरून बसले असतील तर "सगळ्यांनी पर्सेप्शन रोल करा" म्हणू नका. म्हटल्याक्षणी खेळाडूंना कळतं की काहीतरी आहे, आणि चार-पाच फाशांत एखादा मोठा पडतोच, म्हणजे दबा कधीच यशस्वी होत नाही. राक्षसांच्या टोळीसाठी डीएमने एकच फासा टाकावा, टोळीत ज्या जातीचे राक्षस जास्त असतील तिचा मॉडिफायर घ्यावा, आणि तो पहाऱ्यावर असलेल्या किंवा पुढे चालणाऱ्या खेळाडूच्या पॅसिव्हशी ताडावा. पार्टीलाही तीच मधली पायरी द्या: टोळीचा रोल फसला तर लगेच लढाई नको. फांदी मोडल्याचा आवाज आला, घोडे कान टवकारून एकाच दिशेला बघतायत, असं सांगा आणि प्रत्येकाला एक चाल द्या.